लोणीकंद ते पोहरादेवी

समाजशास्त्राच्या प्राध्यापकाचं आयुष्य लांबून पाहिलं तर त्यात फारसं काही घडत नाही. पदवी, शिष्यवृत्ती, नेमणूक, विभागप्रमुखपद, निवृत्ती. गोविंद सदाशिव घुर्ये यांचं आयुष्यही कागदावर उतरवलं तर एवढंच दिसतं. १८९३ साली मालवणात जन्म. जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजात सुरुवात, पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन. संस्कृतचा अभ्यास, एम.ए.ला चॅन्सेलरचं सुवर्णपदक. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रं हाती आली, ती १९५९ साली निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. ३५ वर्षं, एकच विभाग.

तरीही भारतातल्या समाजशास्त्राची घडी बसली ती बऱ्याच अंशी याच ३५ वर्षांत आणि याच विभागात. ती कशी बसली हे समजून घ्यायला मी घुर्यांच्या पुस्तकांच्या यादीपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी अधिक वेळा वाचते. प्राध्यापकाची खरी कारकीर्द तिथे सापडते, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आमच्या वर्गात घुर्ये येतात ते प्रश्नपत्रिकेतून. जातीची सहा वैशिष्ट्ये सांगा. मुलं गाईडमधून पाठ करतात: खंडात्मक विभाजन, श्रेणीबद्धता, खानपान आणि सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, धार्मिक व नागरी निर्योग्यता आणि विशेषाधिकार, व्यवसायाच्या निवडीवर बंधन, विवाहावर बंधन. सहा मुद्दे, प्रत्येकाखाली चार ओळी, संपलं. हा माणूस कोण होता, कुठल्या गावचा होता, मराठी बोलणारा होता, हे कुणी विचारत नाही. बऱ्याच मुलांना ते नाव परदेशी विद्वानाचं वाटतं. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या पुस्तकातून हे मुद्दे आले, त्यात घुर्ये रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्याशी वाद घालत होते, नाकाची मापं घेऊन जातीचा उगम वंशात शोधता येतो का हे तपासत होते, आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा सिद्धांत टिकत नाही असं दाखवत होते. या सगळ्यातलं काहीही त्या सहा मुद्द्यांत उरत नाही. भांडणातून, शंकेतून तयार झालेलं ज्ञान आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वाळून जातं.

म्हणून मी वर्गात आधी माणूस सांगते. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने पॅट्रिक गेडिस यांना बोलावून समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेचा ध्यास घेतलेले स्कॉटिश गृहस्थ. हिंदुस्थानातली कितीतरी शहरं त्यांनी गल्लीबोळांतून पायी फिरून पाहिली होती आणि त्यांवर अहवाल लिहिले होते. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकवणारे तरुण घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसू लागले. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी घुर्यांनी निबंध लिहिला तो मुंबई या शहरावर. संस्कृतचा सुवर्णपदक विजेता, आणि लिहिलं कशावर, तर ज्या शहरात तो रोज वावरत होता त्यावर! मला या घटनेचं फार अप्रूप आहे. गेडिस यांना निबंध आवडला. घुर्ये लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले, तिथे मन रमलं नाही, मग केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे. रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा जमातीत राहून काम केलेला माणूस. १९२२ साली ते अचानक वारले. राहिलेलं काम घुर्यांनी हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरं केलं आणि ते मुंबईला परतले.

इथून पुढे घुर्ये स्वतः फारसे हिंडले नाहीत. ग्रंथालय, संस्कृत ग्रंथ, जनगणनेचे अहवाल, गॅझेटिअर, हे त्यांचं रान. त्यांना खुर्चीतले समाजशास्त्रज्ञ म्हणणारे टीकाकार कमी नाहीत, आणि त्या टीकेत तथ्यही आहे. पण विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी बाहेर धाडलं. इरावती कर्वे त्यांच्याकडे आल्या तेव्हा एम.ए.चा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर झाला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या समाजावर. म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरमधल्या विवाहावर आणि कुटुंबावर लिहिलं. सोलापूरच्या जैन घरातले विलास संगवे जैन समाजाच्या अभ्यासाला लागले. यादी अशीच वाढत जाते. ज्या उंबऱ्याच्या आत तुम्ही वाढलात त्याच्याकडे परक्याच्या नजरेने पाहायला शिका, ही या कामामागची धारणा मला दिसते.

आणि हे सगळे पुढे त्यांच्यापासून वेगळे झाले. श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले, परतल्यावर म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, आणि पोथीतला समाज आणि पाहिलेला समाज यांतलं अंतर त्यांनी आयुष्यभर मांडलं. गुरूच्या पद्धतीवरचीच ही टीका होती. अ. र. देसाई मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी सांगणारा त्यांचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला, १९४८ साली तो पुस्तकरूपाने आला. घुर्यांचा मार्क्सवादाशी संबंध नव्हता, तरी प्रबंध अडला नाही. पुढे देसाई त्याच विभागाचे प्रमुख झाले. स्वतःच्या मताविरुद्धचा प्रबंध सही करून पुढे पाठवणारा मार्गदर्शक आजही दुर्मीळच आहे, हे संशोधन केलेल्या कुणालाही पटेल.

इरावतीबाईंबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण आमच्या मुलांना खरा हात त्यांनीच दिला आहे. घुर्यांचं मोठं लेखन सगळं इंग्रजीत. इरावतीबाई बर्लिनला गेल्या, मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर त्यांनी १९३० साली डॉक्टरेट मिळवली. ज्यांच्या हाताखाली त्या काम करत होत्या ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष मांडला. बर्लिनमधल्या एका तरुण हिंदी स्त्रीने, मार्गदर्शकाला नको असलेलं उत्तर मोजून समोर ठेवावं! १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, पण त्याआधी, १९५१ सालीच ‘मराठी लोकांची संस्कृती’ मराठीत आलं होतं. ‘युगान्त’ तर घराघरांत गेलं. आत्या, मामा, मावशी, दीर या नात्यांकडे शास्त्र म्हणून बघता येतं, आणि ते आपल्या भाषेत बोलता येतं, हे मराठी वाचकाला त्यांनी दाखवलं. माझ्या वर्गातल्या मुलीला नातेव्यवस्था शिकवायची असेल तर मी तिला आधी तिच्या मामाच्या गावाला पाठवते. ही वाट बाईंची आहे.

अशीच एक मुलगी मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरून आमच्याकडे येत असे. सहा वैशिष्ट्यांचा तास चालला होता. ती उठून म्हणाली, “मॅडम, आमच्या तांड्यावर जात कोनी इचारतच नाही. सारे आम्ही गोरच. गोत इचारतेत.” गोर म्हणजे बंजारा, गोत म्हणजे कूळ. वर्ग हसला. मी तिला म्हटलं, बाई, हे लिहून आण. घुर्यांचा एकेक मुद्दा घे आणि तांड्यावर तपासून बघ.

तिने वहीत काय काय आणलं! राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही आमच्याकडे आडनावं म्हणून दिसतात, तिथे ती गोतं आहेत. राठोडाची मुलगी राठोडाकडे जात नाही. म्हणजे विवाहाचं बंधन आहे, पण ते आतल्या बाजूने आहे. नायक, कारभारी आणि तांड्याची नसाब, म्हणजे न्यायनिवाडा करणारी पंचायत, यांची चौकट आहे. आजोबांच्या तोंडून तिने लदेणीच्या, बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेण्याच्या आठवणी टिपल्या. त्या आजोबांनीही पाहिलेल्या नव्हत्या, त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या. मग तिच्या लक्षात आलं की ढालिया, ढाडी ही नावं घेताना बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. वाजवणारे, गाणारे, तांड्याला लागून असूनही तांड्याबरोबर पंगतीला न बसणारे. “मॅडम, आमच्याकडेही हाय,” असं ती म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपल्या माणसांतली उतरंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं सोपं नसतं. सहा मुद्द्यांपैकी किती लागू पडले आणि किती नाही यापेक्षा मला हे मोलाचं वाटलं, की त्या दिवसापासून घुर्ये तिच्या लेखी वाद घालण्याजोगा माणूस झाला.

त्याच तांड्यावरून आलेला तिचा एक प्रश्न मी अजून वर्गात वापरते. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. बोली एक, सेवालाल महाराजांवरची श्रद्धा एक, रामनवमीच्या जत्रेला पोहरादेवीला येणारी माणसंही या सगळ्या राज्यांतली. मग जात म्हणजे काय, जमात म्हणजे काय, आणि हे ठरवतं कोण? समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला याहून चांगला प्रश्न मला पुस्तकात मिळालेला नाही. तो आमच्या जिल्ह्यात जत्रेच्या गर्दीत मिळतो.

घुर्यांशी वाद घालायच्या जागा खूप आहेत. १९४३ साली त्यांनी आदिवासींवर पुस्तक लिहिलं, व्हेरियर एल्विन यांच्या विरोधात. आदिवासींना वेगळं ठेवू नये, ते मागे राहिलेले हिंदूच आहेत, अशी त्यांची भूमिका. एल्विन यांच्या वेगळेपणाच्या आग्रहात धोके होतेच. पण एका विद्वानाने वरून ‘तुम्ही अमुक आहात’ असं सांगावं, हे मला मान्य होत नाही. आमच्याकडे आंध हा आदिवासी समाज आहे. शेती, सण, पेहराव पाहिला तर कुणब्यापासून वेगळा ओळखू येणार नाही, असं लोक म्हणतात. त्या समाजाला स्वतःबद्दल काय म्हणायचं आहे, हे ऐकल्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

याहून मोठी उणीव वेगळीच. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका मराठी तरुणाने जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीवर, आणि त्या सक्तीचा भार बाईवर पडतो, हे त्यात स्पष्ट होतं. घुर्यांच्या पुस्तकाच्या १६ वर्षं आधी. हा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. दोघे एकाच मुंबईत वावरले, तरी समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात आंबेडकर किती उशिरा आले! ते यायला शर्मिला रेगे यांच्यासारख्या प्राध्यापकाची गरज पडली. पुण्याच्या विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी उभं केलेलं काम, २००६ सालचं दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं त्यांचं पुस्तक, आणि शेवटच्या काळातलं आंबेडकरांच्या लेखनावरचं पुस्तक, यांनी वर्गाचा चेहरा बदलला. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांचं आत्मकथन हे समाजशास्त्राचं साधन आहे, ‘अनुभव’ म्हणून बाजूला ठेवायची वस्तू नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विद्यापीठाच्या वर्गात मान वर करता यावी म्हणून त्या झटल्या. २०१३ साली, पन्नाशीही गाठायच्या आत, त्या गेल्या. ग्रामीण भागातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांचं फार मोठं नुकसान झालं.

घुर्यांचं जे काम मला सर्वांत जवळचं वाटतं ते पाठ्यपुस्तकात येतच नाही. पुण्याजवळ नगर रस्त्यावर लोणीकंद आहे. पेशवाई संपल्यावर लगेच, १८१९च्या सुमारास, टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज सर्जनने या गावाचं वर्णन लिहून ठेवलं: जमीन किती, घरं कशी, लोक काय खातात, कर्ज किती, बलुतेदार कोण. सव्वाशे वर्षांनंतरचं लोणीकंद काय सांगतं, हे घुर्यांनी पाहायचं ठरवलं. पुस्तक १९६० साली आलं, निवृत्तीनंतर. एका गावाची दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि मधलं अंतर वाचायचं, इतकी साधी कल्पना. त्यासाठी मोठा सिद्धांत लागत नाही, परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. जुना कागद, चिकाटी आणि गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसायची तयारी लागते.

आमच्याकडे जुना कागद नाही का? भरपूर आहे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी या मुलखाचं गॅझेटिअर तयार केलं. तेव्हाचं बाशीम, म्हणजे आजचं वाशीम, काही वर्षं स्वतंत्र जिल्हा होतं. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. हे मोडणं-जोडणं कचेऱ्यांत झालं, पण त्याने बाजार कुठे हलले, शिकलेली माणसं कुठे गेली, याचा अभ्यास व्हायला हवा. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. त्यात बंजाऱ्यांवर सविस्तर प्रकरण आहे. वाचताना राग येतो, कारण ते राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलेलं आहे. पण तो राग कामाला लावता येतो. तांड्यावरच्या मुलीने ते प्रकरण समोर ठेवून आजचा तांडा लिहावा, यापरतं चोख उत्तर नाही.

याच रायबहादूर हिरालालांनी पुढे, १९२६ साली, प्रांतातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, आणि तिच्यामुळे आमच्या कारंजा लाडचं नाव विद्वानांच्या जगात गेलं. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांतून अपभ्रंश भाषेतली काव्यं बाहेर आली. प. ल. वैद्य आणि डॉ. हिरालाल जैन (हे हिरालाल वेगळे) यांनी १९३१ पासून ती संपादित केली. सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ या तिन्ही जैन परंपरांची मंदिरं त्या एका गावात. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थानही तेच. पोथ्यांचा अभ्यास झाला. पण पोथ्या जपणाऱ्या घरांचं काय? शंभर वर्षांत कोणती घरं कापसाच्या व्यापारात राहिली, कोणती पुण्या-मुंबईला गेली, बघेरवाल जैन घरांतल्या सुना कुठून येऊ लागल्या? संगवे यांनी १९५९च्या ग्रंथात जैन समाजाच्या पोटजातींपासून चालीरीतींपर्यंतचं देशभरातलं चित्र उभं केलं. त्या चित्रातल्या एका गावावर, एका पेठेवर भिंग धरायचं काम कारंज्याच्या मुलामुलींचं आहे.

जिल्ह्यात पिकंही बदलली. कापूस-ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि बाईच्या हातचं वेचणीचं काम घटलं. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, मोबदला आला, घरोघरी वाटण्या झाल्या, बहिणींच्या सह्यांचे प्रश्न उभे राहिले. दिवाळीनंतर तांड्यांवरून उसाच्या टोळ्या निघतात आणि म्हातारी माणसं, लहान पोरं मागे राहतात. यातला प्रत्येक विषय एका प्रबंधाचा आहे. या पिढीत तो लिहिला गेला नाही तर पुढच्यांना आमच्याबद्दल फक्त सरकारी तक्ते मिळतील.

आजच्या प्राध्यापकाला हे करायला सवड कुठे आहे, हा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो माझाही आहे. बढतीसाठी गुण मोजले जातात, गुणांसाठी शोधनिबंध छापावे लागतात, आणि छापण्यासाठी पैसे घेणारी नियतकालिकं दारात उभी असतात. त्याहून वाईट अवस्था तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली हुशार माणसं तासांवर पैसे मोजून घेतात, उन्हाळ्यात तेही नाहीत. घुर्यांना ३५ वर्षं स्थिर खुर्ची मिळाली म्हणून विद्यार्थ्यांची एवढी मांदियाळी उभी राहिली. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही तो शिक्षक विद्यार्थ्याला लांबचा पल्ला कसा दाखवणार? रिक्त जागा भरणं ही समाजशास्त्राची पहिली गरज आहे, हे मी स्पष्ट म्हणते.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आमचं विद्यापीठ अमरावतीचं, १९८३ साली स्थापन झालेलं, गाडगेबाबांच्या नावाचं. बाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. वऱ्हाडीत विचारायचे आणि समोरच्या शेतकऱ्याकडून, मजुराकडून उत्तर काढून घ्यायचे. क्षेत्रकार्यात मुलाखत कशी घ्यावी, हे शिकवायला मला दुसरा दाखला लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांनाच ‘फिल्ड प्रोजेक्ट’ दिला आहे. बहुतेक ठिकाणी तो झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. माझी रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, वाशीम या सहाही तालुक्यांतल्या समाजशास्त्राच्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे: दर वर्षी एकेक गाव किंवा तांडा घ्या, गॅझेटिअरमधली त्या मुलखाची पानं मराठीत करून मुलांच्या हाती द्या, आणि मुलांना त्यांच्याच गावात पाठवा. वह्या मराठीत, वऱ्हाडीत, गोरबोलीत लिहू द्या. त्या रद्दीत न टाकता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवा. आणि ज्यांच्या घरी असं एखादं मूल वही घेऊन प्रश्न विचारायला येईल, त्यांनी त्याला हाकलू नये. शेताचं, लग्नाचं, कर्जाचं, पंगतीत कोण कुठे बसत होतं त्याचं, जे खरं असेल ते सांगावं.